नातोवाच्या बोटी

त्या शुक्रवारी ता आणि मी सिमेंटच्या गोण्यांवरून भांडत होतो.

ता म्हणजे माझे वडील, सेरेमाइया. फिजीत, सुव्याच्या कमिंग स्ट्रीटवर कंपनीचं जुनं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर कचेरी. ता कंपनीचे कार्यकारी संचालक होते आणि मी समूहाचे हिशेब सांभाळत होते. कचेरीत मी त्यांना 'सर' म्हणायचे, ते मला 'मॅडम' म्हणायचे. बसमध्ये चढलो की पुन्हा ता आणि उनाइसी.

जूनअखेर आमचं वर्ष संपतं. त्याआधीचे दोन आठवडे मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांचे हिशेब एकत्र मांडायची तयारी चालते. लोकांना वाटतं की सगळ्यांच्या बेरजा एकमेकींखाली लिहायच्या आणि पुन्हा एक बेरीज मारायची. तसं नसतं. मूळ कंपनीने उपकंपनीला माल विकला, तर एकीकडे विक्री दिसते आणि दुसरीकडे खरेदी. पण दोघींना एक घर मानलं, की ना काही विकलं गेलं ना काही घेतलं गेलं. स्वयंपाकघरातली वाटी माजघरात गेली, एवढंच. मग ती देवघेव दोन्हीकडून खोडायची. खोडून झाल्यावर जे उरतं ते त्या घराचं जगाशी असलेलं खरं नातं. मला हे काम पहिल्यापासून आवडलं. पण दोन्हीकडचे आकडे सारखे असतील तरच ते नीट खोडता येतात, आणि त्या दिवशी ते सारखे नव्हते.

"दुकानातून गोण्या जास्त निघाल्यात आणि बोटीच्या वहीत कमी उतरल्यात," मी म्हटलं. "तुमच्या बोटीच्या वाटेत समुद्र गोण्या गिळतो का, सर?"

"माझी बोट नाही, समूहाची बोट. आणि गिळत नाही. मोमोच्या गावात चर्चची पायरी तुटली होती."

"म्हणजे देणगी?"

"म्हणजे पायरी."

"पायरी नावाचं खातं नाही माझ्याकडे."

"मग उघड. एवढं शिकवलं ते कशाला?"

मोमो म्हणजे मामा. तांच्या आईचे सगळ्यात धाकटे भाऊ नेमानी, कांदावू बेटावरच्या नातोवा गावचे म्होरके. ता त्यांना मोमो म्हणायचे, म्हणून घरात आणि कचेरीतही ते सगळ्यांचेच मोमो झाले होते. नातोवाची तीन बोटींची कंपनी आहे. सुवा ते कांदावू माणसं, तांदूळ, डुकरं, पेय करायची कावाची मुळं, सगळं त्या बोटी नेतात-आणतात. शंभरातले पंचेचाळीस भाग आमच्या मूळ कंपनीचे, उरलेले गावातल्या घराघरांत वाटलेले. म्हणजे कागदावर बहुमत गावाचं. तरीही ती आमची उपकंपनी धरली जायची आणि तिच्या बोटी, तिचं डिझेल, तिच्या खलाशांचे पगार हे सगळं आमच्या एकत्रित हिशेबाच्या ओळीओळीत मिसळलेलं असायचं.

कारण नियम असा आहे, की भाग किती आहेत एवढंच बघायचं नाही. तिथे कोणाचं चालतं, म्हणजे नियंत्रण कोणाचं, ते बघायचं. आणि नातोवात तांचं चालायचं. दर वर्षीच्या सभेआधी गावातली सगळी घरं आपापल्या प्रॉक्सीच्या कागदावर सह्या करून आपलं मत तांच्या हाती सोपवायची. संचालक कोण, भाडं किती, बोट कुठे थांबणार, सगळं ता ठरवायचे. त्यांना कुणी नाही म्हणायचं नाही, कारण ते त्या गावचे वासू होते, बहिणीचा मुलगा. मामाच्या गावात भाच्याने डुकराकडे बोट दाखवलं की ते डुक्कर भाच्याचं. मामा हसतो आणि दोरी सोडतो.

दर जूनमध्ये आमचं यावरून वाजायचं. त्या शुक्रवारीही वाजलं.

"तिथे कंपनीचं चालत नाही, ता," मी म्हटलं. वादात मी 'सर' विसरायचे. "तुमचं चालतं. दोन्ही वेगळं आहे."

"मी कोण? मी कंपनीच आहे. कंपनीच्या कामासाठी जातो, कंपनीसाठी मत घेतो. तुझे ऑडिटर मान्य करतात, तुला काय झालंय?"

"ऑडिटर तुमच्यासमोर बसले की काहीही मान्य करतात. तुम्ही त्यांना मासे खायला घालता."

"तू नको खाऊस मग."

त्यांनी डबा उघडला. नारळाच्या दुधातला मासा, रोरोची, म्हणजे टारोच्या पानांची भाजी, उकडलेला टारोचा कंद. मी टारोचा मोठा तुकडा उचलला आणि ते म्हणाले, "बघ, याला म्हणतात नियंत्रण. डबा माझा आणि हात तुझा." आम्ही दोघंही पोटभर हसलो.

साडेचारला ते निघाले. मला थोडं थांबायचं होतं. जिन्याच्या खालून त्यांनी ओरडून सांगितलं, "पायरीचं सोमवारी बघू!" मी नुसतं हं म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नसणार.

शनिवारी सकाळी आईने हाका मारल्या, ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

नातोवाचं सगळं गाव स्वतःच्या बोटीने आलं. चटयांच्या गुंडाळ्या, कावाची मुळं, मानाचे म्हणून द्यायचे देवमाशाचे दात. मोमो शवपेटीच्या पायाशी मांडी घालून बसले आणि उठलेच नाहीत. एवढा मोठा माणूस, पण कुणी त्यांना पाणीसुद्धा विचारायला धजेना. परत गेल्यावर त्यांनी गावासमोरच्या प्रवाळाचा एक भाग शंभर रात्रींसाठी बंद केला. तिथे मासा मारायचा नाही, होडी घालायची नाही. असं मोठ्या मानकऱ्यासाठी करतात, भाच्यासाठी सहसा करत नाहीत. त्यांनी केलं.

आईजवळ माझ्या मावश्या होत्या. मी चहा करत होते, माणसांना चटया देत होते, कुणी विचारलं तर कधी आणि कसं ते सांगत होते. दफनानंतर दोन-तीन दिवसांनी कचेरीत गेले, कारण वर्षअखेर कुणासाठी थांबत नाही.

नातोवाचं उत्तर मला माहीत होतं. ते शोधावं लागलं नाही. नियंत्रण गेलं, की ज्या दिवशी गेलं त्या दिवसापासून उपकंपनी एकत्रित हिशेबातून बाहेर काढायची. तिच्या बोटी ओळीओळीतून उचलायच्या आणि आपले जे पंचेचाळीस भाग उरतात ते सहयोगी कंपनीतला हिस्सा म्हणून एका ओळीत दाखवायचे. वर्षअखेरीच्या आठवडाभर आधी तांबरोबर ते नियंत्रण गेलेलं होतं. कामाच्या पानावर एक चौकट असते, नियंत्रण संपल्याचा दिनांक. मृत्यूच्या दाखल्यावर होता तोच दिनांक मी तिथे लिहिला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला एवढं एकच काम नीट जमत होतं.

अध्यक्षांना ते पान पटलं नाही.

क्लिफर्ड ऑस्बोर्न आमचे अध्यक्ष. तांचे शाळेपासूनचे मित्र, एकाच रग्बी संघात खेळलेले. मी त्यांना लहानपणापासून अंकल क्लिफ म्हणते. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"नाइसी, हे तुझ्या बापाने केलं असतं का?"

"त्यांना करावं लागलं नसतं."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली दुकानात कुणीतरी तांदळाचं पोतं आपटलं.

"बोटी गेल्या की आपण कोण?" ते म्हणाले. "तांदूळ-सिमेंटचे दुकानदार. सरकारच्या बेटांवरच्या मालवाहतुकीचं कंत्राट पुढच्या वर्षी निघतंय. ते आपला आकार बघणार. तीस वर्षं सेरेने हा आकार उभा केला, आणि तू एका पानात तो खोडतेस."

"मी नाही खोडलं."

"माहीत आहे गं." ते बसले. "ऐक. ऑगस्टमध्ये नातोवाची सभा आहे. तू जा. त्यांनी दर वर्षीसारख्या प्रॉक्सी तुझ्या हाती दिल्या, तर आपण ऑडिटरांना म्हणू शकतो की काहीच बदललं नाही, कुटुंब तेच, ताबा तोच, मध्ये खंड पडलाच नाही. ते ऐकतील. आणि शंभर रात्री संपायच्या आत जा. शोकातल्या माणसाला ते लोक नाही म्हणत नाहीत. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"मी वासू नाही, अंकल. माझी आई रेवाची. माझं आजोळ तिकडे."

"तू त्याची मुलगी आहेस. पुरे आहे." मग म्हणाले, "आणि सेरेची खुर्ची. बाहेरचा माणूस आणावा असं संचालक म्हणतायत. तू कागद घेऊन आलीस तर मी त्यांना सांगू शकतो की माणूस घरातच आहे. मला ती तुलाच द्यायची आहे. त्याच्यासाठी."

त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यामुळेच ते बोलणं पेलायला जड गेलं.

"जाते," मी म्हटलं. "सभेला आपल्या भागांतर्फे कुणीतरी जायलाच हवं. पण काय करायचं ते मी तिथे ठरवीन."

"बापासारखी बोलतेस," ते म्हणाले. त्यांना ते होकारासारखं वाटलं असावं. त्यांनी प्रॉक्सीचे कोरे कागद छापून, तांच्या नावाच्या जागी माझं नाव घालून गठ्ठा माझ्या हाती दिला.

ऑगस्टमध्ये मी निघाले, तेव्हा बोटीच्या पायरीवर कालेसी उभी होती. मोमोची नात, माझ्याच वयाची, तिकिटं, माल आणि खलाशी असं सगळं बघणारी. आमच्यात मामे-आतेच्या नात्याची चेष्टा जन्मापासून चालत आलेली आहे. दफनाच्या वेळी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, नुसती मला धरून बसली होती. आता ती राहिलेली चेष्टा वसूल करणार हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"तिकीट?"

"मी कंपनीची आहे."

"म्हणून तर मागतेय. कंपनीची माणसं सगळ्यात जास्त ओकतात. मागून धुवायला लागतं."

"मी कधी ओकले?"

"सहावीत. माझ्या नव्या सँडलवर. अजून वास येतो."

पाण्याला फार जोर नव्हता, तरी काळ्या कपड्यांत मला गरगरायला लागलं. कालेसीने मला वाऱ्याच्या बाजूला नेऊन बसवलं आणि लिंबाच्या पानांचा चहा आणि दोन गरम बाबाकाऊ, तळलेले पाव, दिले. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "कागद आणलेस?"

"आणलेत."

"कशाला आणलेस? मोमोने तिकडचे कधीच सह्या करून ठेवलेत. घरोघरी स्वतः फिरला, काठी टेकत. मागच्या वर्षीचेच कागद घेतले, तुझ्या बापाचं नाव खोडून वर तुझं लिहिलं."

मी पिशवी पायाशी ओढून घेतली.

"गावाला बोट पलीकडच्या किनाऱ्यालाही थांबायला हवी आहे," ती म्हणाली. "बायका डोंगरावरून कावाची पोती खांद्यावर आणतात, पावसात घसरतात. सेरेला सांगितलं होतं. म्हणाला, पुढच्या वर्षी. दर वर्षी पुढच्या वर्षी. चांगला होता गं, वाईट हेतूने नाही म्हणायचा. सुव्यात बसून त्याला डिझेल दिसायचं."

"मग मतदानात सांगायचं. बहुमत तुमचं आहे."

ती हसली. "वासूला नाही म्हणत नाहीत, साहेबीण. आम्ही कधीच म्हटलं नाही." मग समुद्राकडे बघत म्हणाली, "पण कधी कधी म्हणायचं होतं."

बाकीची वाट मी त्या एका वाक्यासोबत बसून काढली. इतकी वर्षं मी तांना सांगत आले होते की तुमचं चालणं आणि कंपनीचं चालणं वेगळं. ते बरोबरच होतं. पण मी ते फक्त आमच्या बाजूने पाहिलं होतं. पलीकडच्या बाजूला बहुमत असलेली माणसं होती, आणि त्यांनी आजवर एकही निर्णय घेतलेला नव्हता. ते कुणी त्यांच्याकडून हिरावून घेतलं नव्हतं. त्यांनीच ते प्रेमाने दिलं होतं, आणि दिलेलं परत मागायची त्यांच्यात रीत नव्हती. पिशवीतला गठ्ठा बाहेर काढायचा नाही, हे माझं बोटीतच ठरलं. किनारा दिसू लागला तेव्हा मळमळही थांबली होती.

सभा गावाच्या सभाघरात, दुपारी. चटयांवर माणसं दाटीने बसलेली, बायका दाराच्या बाजूला. मी आणलेली कावाची मुळं रीतीप्रमाणे पुढे ठेवली, ती स्वीकारली गेली. कावाची वाटी फिरली, टाळ्या झाल्या. मोमो वाळले होते. त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता, नारळाच्या दोरीने नीट बांधलेला.

"पोरीला मागायला लावायचं नाही, म्हटलं," ते म्हणाले. "म्हणून आधीच केलंय. घे. सेरेचं काम होतं, आता तुझं."

त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि रीतीप्रमाणे टाळी वाजवली, कारण पुढे केलेली वस्तू न घेणं हा अपमान. सगळं सभाघर समाधानाने पुटपुटलं. माझ्या मांडीवर अंकल क्लिफना हवं होतं ते सगळं होतं: बोटी, आकार, कंत्राट आणि तांची खुर्ची. मला आणखी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प बसून चहा पिऊन परतीची बोट धरली असती, तरी चाललं असतं.

"मोमो," मी म्हटलं, "तांनी मागितलेलं तुम्ही कधी नाकारलं नाही."

"नाही."

"त्यांच्या मुलीने मागितलं तर?"

"तेही नाही. वासू नसलीस तरी. आज नाहीच."

"मग मी एक मागते." मी गठ्ठा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. "हे परत घ्या."

कुणीतरी खोकलं. मोमोंनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले आणि माझ्या लक्षात आलं की ते हसतायत.

"पकडलं पोरीने," ते घराला म्हणाले. "दिलेलं परत घ्यायचं नाही, आणि मागितलेलं नाकारायचं नाही. आता काय करू?"

"मागितलेलं द्या!" दारापासून कालेसी ओरडली.

"तू गप." पण त्यांनी गठ्ठा घेतला. "का, ते सांग."

मी सांगितलं. माझा आवाज नीट होता, कचेरीत असतो तसा. "ही कंपनी सुव्याच्या हिशेबात आमची म्हणून लिहिली जायची, कारण इथे तांचं चालायचं. कंपनीचं नाही, तांचं. तुम्ही ते कंपनीला दिलं नव्हतं, बहिणीच्या मुलाला दिलं होतं. ते वारशाने मला मिळत नाही, आणि कंपनीला तर मुळीच मिळत नाही. शोक चालू असताना मी हे कागद नेले, तर मी तुमच्या दुःखाला आमच्या आकड्यांत घातलं असं होईल. पंचेचाळीस भाग आमचे आहेत, तेवढी मतं मी आज देईन. बाकीची तुमची. तुम्ही द्या."

"मग तुमच्या पुस्तकात आम्ही कुठे?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"एका ओळीत. सहयोगी कंपनीतला हिस्सा."

"एका ओळीत!" तो म्हणाला. "तीन बोटी, चौदा खलाशी, एक भटारखाना, आणि एक ओळ?"

"लांब ओळ लिहीन."

घर हसलं. मग मोमोंनी दोरी सोडली आणि ज्याचे कागद त्याला हाका मारून परत दिले. त्याला बराच वेळ लागला, कारण प्रत्येकाला आपला कागद हातात घेऊन बघायचा होता. मतदान झालं. संचालकांत गावातले चौघं आले, त्यांत कालेसी. आमच्यातर्फे मी एक. पलीकडच्या किनाऱ्याला बोट थांबवायचा ठराव आला तेव्हा दोन घरं विरुद्ध गेली, त्यावरून थोडा आरडाओरडाही झाला. मोमोंना तो आवडला असावा. ते मध्ये पडले नाहीत. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला. खुर्ची मला मिळणार नाही हे मला कळत होतं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटत नव्हतं. अंकल क्लिफना काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळत होती, आणि ती चांगली वाक्यं होती.

सगळं संपल्यावर माणसं उठू लागली, तेवढ्यात मोमोंनी हात वर केला.

"बसा. हे झालं कंपनीचं," ते म्हणाले. "कंपनीसाठी आली आणि कंपनीचं काही नेत नाही. ठीक आहे, ती शिकलेली आहे, तिला कळतं. पण आमच्या बहिणीच्या घरातलं माणूस इथून रिकाम्या हाताने गेलेलं नाही. ते माझ्या डोळ्यांदेखत होणार नाही." ते माझ्याकडे वळले. "आता कंपनी बाजूला ठेव. तू सांग. तुला काय हवंय?"

"चटई घे," एक बाई म्हणाली. "माझी मोठी विणून झालीये."

"चटई काय, डुक्कर घे! काळं मोठं आहे."

"डुक्कर बोटीत ओकेल," कालेसी म्हणाली. "नवरा घे. दोन आहेत पडून, खातात भरपूर, धुतलेले आहेत."

ते दोघं कोण ते सगळ्यांना माहीत होतं. एकाने तोंड लपवलं, दुसरा उठून उभा राहिला आणि त्याने कमरेला गुंडाळलेला सुलू नीट करून मला वाकून नमस्कार केला. घर हसून लोळायचं बाकी होतं. मीही हसत होते. दफनापासून पहिल्यांदाच मला हसताना पोटात दुखलं. मी चटई म्हणायला तोंड उघडलं. चटई बरी होती, नेता आली असती, आईला आवडली असती.

मोमो वाट बघत होते. ते हसत नव्हते. त्यांनी प्रश्न खरोखर विचारला होता.

मला त्या सगळ्या दिवसांत कुणी हे विचारलं नव्हतं. काय झालं ते विचारलं होतं, कधी झालं, आई कशी आहे, हिशेब कुठवर आले. मी सगळ्यांना उत्तरं दिली होती, आणि ती बरोबर होती. आईसमोर मी रडले नव्हते, कारण तिला रडायचं होतं. कचेरीत तर प्रश्नच नव्हता. आणि इथे, ज्या घरात मागितलेलं नाकारत नाहीत, त्या घरात एक म्हातारा माणूस द्यायला हात पुढे करून बसला होता.

"मला ता हवेत, मोमो," मी म्हटलं. "मला माझे वडील परत हवेत."